लिनक्सला वाट कशी मिळाली? १९९१ ते १९९४ : एक प्रकरण अभ्यास

१९९१ च्या उन्हाळ्यात एखाद्या जाणकाराला विचारले असते, की घरच्या इंटेल ३८६ चिपच्या मशीनवर चालणारी, सोर्स कोडसकट (म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणाऱ्या मूळ मजकुरासकट) मोकळेपणाने मिळणारी, युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम कुठून येईल, तर त्याने अमेरिकेतली दोन ठिकाणे सांगितली असती. एक बर्कली. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बीएसडी युनिक्सवर १९७७ पासून काम चालू होते. दुसरे बॉस्टनशेजारचे केंब्रिज. तिथे रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाकडे कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा सिस्टिमचा गाभा, सोडून जवळपास सगळे तयार होते. फिनलंडचे नाव कोणाच्या तोंडी आले नसते. तरीही मार्च १९९४ मध्ये १.० हा आकडा लावून बाहेर पडलेली आणि जगभर हजारो मशीनवर चालणारी सिस्टिम हेल्सिंकीतल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेली होती.

ही कथा सहसा एका हुशार मुलाची म्हणून सांगितली जाते. हुशारी होतीच. पण बर्कलीत आणि केंब्रिजमध्ये त्याच्याहून कितीतरी अनुभवी माणसे याच कामाला लागलेली असताना असे का झाले, याचे उत्तर त्या कथेत सापडत नाही. ते शोधायला परवान्याच्या मजकुरात, न्यू जर्सीच्या एका कोर्टात आणि लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांचे पुढे काय होत होते, यात डोकवावे लागते.

आधीची स्थिती

युनिक्स १९६९ मध्ये एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्माला आले. १९५६ च्या सरकारी तडजोडीमुळे एटी अँड टीला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून विद्यापीठांना युनिक्स नाममात्र किमतीत आणि सोर्स कोडसह मिळत गेले. एका पिढीने ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे तो कोड वाचून शिकून घेतले. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, बंधन सुटले आणि युनिक्स हा विकायचा माल झाला. परवान्याच्या किमती चढल्या. वर्गात तो कोड शिकवण्यावर बंदी तर १९७९ पासूनच आली होती.

या बदलाला तीन माणसांनी, किंवा तीन गटांनी म्हणू, तीन प्रकारे उत्तर दिले.

अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांना विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी कोड हवा होता. त्यांनी मिनिक्स ही छोटी सिस्टिम स्वतः लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. किंमत ६९ डॉलर. कोड वाचायला मिळे, पण सुधारलेली सिस्टिम दुसऱ्याला वाटायची परवानगी नव्हती. लोक सुधारणा पाठवत. टॅननबॉम त्या बहुतेक नाकारत, कारण सिस्टिम एका सत्रात शिकवून होईल एवढीच राहावी असे त्यांना वाटे. शिक्षक म्हणून ते बरोबरच होते. मात्र त्यामुळे ज्याला ३८६ चिपची खरी ताकद वापरायची असेल त्याने आधी मिनिक्स विकत घ्यायचे आणि मग ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस इव्हान्स यांनी लिहिलेले पॅच (कोडमधल्या बदलांचे तुकडे) त्यावर स्वतः चढवायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

स्टॉलमन यांचे उत्तर तत्त्वाचे होते. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नूची घोषणा केली आणि पुढच्या जानेवारीत एमआयटीतली नोकरी सोडून कामाला लागले. संपादक, कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर, आज्ञा घेणारे शेल असा एकेक भाग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला, त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये. कर्नलचे काम मात्र शेवटी राहिले. ‘हर्ड’ नावाचा हा कर्नल १९९० मध्ये सुरू झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या माक या मायक्रोकर्नलवर (मोजकीच कामे स्वतःकडे ठेवणाऱ्या छोट्या कर्नलवर), एकमेकांशी निरोपांनी बोलणाऱ्या अनेक सुट्या सर्व्हरांचा मिळून तो उभा राहायचा होता. कागदावर ही रचना देखणी होती. चालवायला घेतल्यावर त्यातल्या चुका शोधणे फार जड गेले.

बर्कलीकरांचे उत्तर मला सगळ्यांत हृद्य वाटते. त्यांच्या बीएसडीत एटी अँड टीचा मूळ कोड मिसळलेला असल्याने ती घेणाऱ्याला आधी एटी अँड टीचा परवाना लागे. कीथ बोस्टिक यांनी नेटवर आवाहन केले, की युनिक्सच्या छोट्या छोट्या आज्ञावली मूळ कोड न बघता, फक्त त्यांचे वर्णन वाचून नव्याने लिहून द्या. मोबदला काय, तर यादीत नाव. शेकडो आज्ञावली लिहून आल्या. मग बोस्टिक, माइक कॅरेल्स आणि कर्क मॅकुसिक यांनी कर्नलची फाइल न् फाइल तपासली आणि एटी अँड टीचा कोड वेगळा काढला. जून १९९१ मध्ये हे सगळे ‘नेटवर्किंग रिलीज २’ या नावाने बाहेर आले. कर्नल पुरा व्हायला फक्त ६ फाइली कमी होत्या. त्या बिल जोलिट्झ यांनी लिहिल्या आणि ३८६ बीएसडी तयार झाली.

फक्त ६ फाइली. एवढ्या जवळ आलेली सिस्टिम मागे का पडली, हे या प्रकरणाचे खरे कोडे आहे.

हेल्सिंकीतला विद्यार्थी

लिनस टोरवाल्ड्स फिनलंडमधल्या स्वीडिश भाषक अल्पसंख्याकांतला. आजोबा संख्याशास्त्राचे प्राध्यापक, त्यांच्या संगणकावर हा लहानपणी शिकला. जानेवारी १९९१ मध्ये त्याने हप्त्यांवर एक ३८६ मशीन घेतले आणि त्यावर मिनिक्स चढवले. विद्यापीठाच्या संगणकाशी फोनवरून जोडून घेण्यासाठी त्याला मिनिक्समधली सोय पुरेना. म्हणून त्याने स्वतःचा टर्मिनल प्रोग्रॅम लिहायला घेतला, तोही कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराशिवाय थेट हार्डवेअरवर चालणारा. त्यात दोन कामे होती. एक कीबोर्डवरून वाचून मोडेमला द्यायचे, दुसरे मोडेमकडून घेऊन पडद्यावर दाखवायचे. या दोन कामांमध्ये प्रोसेसर वाटून देण्याचा कोड हेच पुढच्या कर्नलचे बीज ठरले. मग फाइली उतरवून घ्यायच्या म्हणून डिस्कचा ड्रायव्हर आला, त्यामागून फाइल सिस्टिम आली. काय तयार होते आहे, हे हळूहळू त्याच्या ध्यानात आले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्या न्यूजग्रुपवर (नेटवरच्या चर्चागटावर) लिहिले, की मी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम करतो आहे, नुसता छंद म्हणून, ग्नूसारखी मोठी आणि व्यावसायिक ती होणार नाही, आणि तुम्हाला मिनिक्समध्ये काय आवडते, काय आवडत नाही ते सांगा. यातल्या विनयापेक्षा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच पत्रात त्याने लोकांना मागण्या विचारल्या होत्या, आणि ज्यांच्यापुढे विचारले ते सगळे मिनिक्समध्ये बदल हवे असलेले आणि ते न मिळणारे लोक होते. टॅननबॉम यांनी नकळत लिनससाठी श्रोते जमवून ठेवले होते.

सप्टेंबरात ०.०१ आवृत्ती फिनलंडच्या विद्यापीठीय जाळ्याच्या एफटीपी (फाइली उतरवून घेण्याच्या) सर्व्हरवर आली. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी डिरेक्टरीला ‘लिनक्स’ नाव दिले, तेच राहिले. कोड सुमारे १०,००० ओळींचा. तो स्वतःच्या पायावर चालत नव्हता, कंपाइल करायला मिनिक्स लागे, आणि वर चालवायला ग्नूचे शेल व कंपायलर हवे. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण लिनसला संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहावीच लागली नाही. स्टॉलमन यांच्या सात-आठ वर्षांच्या कामाने उरलेली जागा भरली होती. लिनस स्वतः पुढे म्हणाला, की ग्नूचा कर्नल त्या वसंतात तयार असता तर मी हे सुरूच केले नसते. ३८६ बीएसडीबद्दलही त्याने हेच म्हटले आहे.

पैसे घ्यायची परवानगी

०.०१ चा परवाना लिनसने स्वतः लिहिला होता. कोड सर्वांना पूर्ण मिळालाच पाहिजे, आणि तो वाटताना कोणी पैसे घ्यायचे नाहीत, हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. तरुण मुलाला सुचेल असाच हा नियम. आपण फुकट दिलेल्या वस्तूवर दुसऱ्याने कमाई का करावी?

अडचण वाटपात होती. १९९१ मध्ये बहुतेकांच्या घरी इंटरनेट नव्हते. संगणक मंडळांच्या बैठकीत कोणीतरी फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन येई, कॉपी करून देई आणि फ्लॉपीचे व वेळेचे थोडे पैसे घेई. लिनसच्या नियमाप्रमाणे तेही गैर होते. तशी विचारणा त्याच्याकडे आली. जानेवारी १९९२ मधल्या ०.१२ आवृत्तीसोबत त्याने जाहीर केले, की १ फेब्रुवारीपासून लिनक्स जीपीएलखाली जाईल. ज्या कंपायलरवर सारे उभे होते तो जीपीएलखालीच होता, आणि स्टॉलमन यांचे भाषणही त्याने हेल्सिंकीत ऐकले होते.

या तीन वर्षांतला सगळ्यांत मोठा निर्णय कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन. जीपीएल पैसे घ्यायला मोकळीक देते, पण बदललेला कोड वाटणाऱ्याला तो बदल उघड करायला लावते. पहिल्या अर्ध्यामुळे विक्रेते आले. १९९२ च्या अखेरीस इग्ड्रासिलची लिनक्स सीडी निघाली, १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे लिनक्सचे तयार संच सुरू झाले, पाठोपाठ रेड हॅट. दुसऱ्या अर्ध्यामुळे एखाद्या कंपनीने केलेली सुधारणा तिच्या स्पर्धकालाही मिळणार हे ठरले, आणि म्हणून एकमेकांचे वैरी असलेले उद्योग एकाच कर्नलवर काम करायला तयार झाले. पुण्यात आज रेड हॅटचे मोठे इंजिनिअरिंग केंद्र आहे आणि तिथे शेकडो मराठी अभियंत्यांना याच कामाचा पगार मिळतो. ०.०१ चा नियम टिकला असता तर अशी कंपनी निघूच शकली नसती.

न्यू जर्सीतला खटला

आता बर्कलीकडे. नेटवर्किंग रिलीज २ वरून दोन सिस्टिमी निघाल्या. एक जोलिट्झ यांची मोफत ३८६ बीएसडी, जी मार्च १९९२ मध्ये आली आणि जुलैत ०.१ झाली. दुसरी बीएसडीआय नावाच्या छोट्या कंपनीची, ९९५ डॉलरला सोर्स कोडसह. एटी अँड टीच्या युनिक्सच्या तुलनेत ही किंमत अगदीच कमी होती. शिवाय कंपनीने विक्रीसाठी घेतलेल्या फोन नंबरात ‘इट्स युनिक्स’ अशी अक्षरे येत.

एप्रिल १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या उपकंपनीने बीएसडीआयवर खटला भरला. आधी वाद नावाचा होता, मग कोडचा झाला आणि विद्यापीठही प्रतिवादी झाले. मार्च १९९३ मध्ये न्यायाधीश डेबेव्हॉइस यांनी विक्रीवर मनाई हुकूम द्यायला नकार दिला. मूळ युनिक्सवर कॉपीराइटची सूचनाच नीट लावलेली नव्हती, त्यामुळे कंपनीची बाजू लंगडी असल्याचे त्यांचे मत पडले. विद्यापीठाने उलट दावा ठोकला, की कंपनीच्या युनिक्समध्ये बर्कलीचा कोड आहे आणि परवान्याने घातलेली श्रेय देण्याची अट पाळलेली नाही. मधल्या काळात नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीने ती उपकंपनी विकत घेतली. नॉव्हेलचे प्रमुख रे नूर्डा यांना कोर्टबाजी नको होती. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली.

तडजोडीत निघाले काय? १८,००० फाइलींपैकी ३ काढून टाकायच्या, आणि सुमारे ७० फाइलींवर कंपनीच्या कॉपीराइटची ओळ घालायची. त्या ७० फाइली तरीही मोफत वाटता येणार होत्या.

३ फाइलींसाठी जवळपास दोन वर्षे गेली. आणि ती कोणती दोन वर्षे? ३८६ मशीन स्वस्त होत होते, विद्यापीठांबाहेर इंटरनेट पसरू लागले होते, आणि ज्यांना युनिक्स हवे होते ते निवड करत होते. आपण उभारलेला सर्व्हर उद्या कोर्टाच्या हुकमाने बेकायदा ठरेल, ही भीती एखाद्या कंपनीला बीएसडीपासून दूर ठेवायला पुरेशी होती. लिनक्समध्ये एटी अँड टीची एकही ओळ नाही, हे सर्वांना ठाऊक होते. तडजोडीनंतर १९९४ च्या जूनमध्ये स्वच्छ केलेली ४.४ बीएसडी-लाइट आली. पण ३८६ बीएसडीतून निघालेल्या फ्रीबीएसडीच्या लोकांना सगळे काम तिच्यावर पुन्हा बांधावे लागले आणि त्यांची २.० आवृत्ती यायला नोव्हेंबर उजाडला. तोवर लिनक्स १.० ला आठ महिने झाले होते.

मला याचे वाईट वाटते, हे लपवत नाही. नेटवर्किंगच्या बाबतीत त्या काळची बीएसडी लिनक्सच्या खूप पुढे होती. इंटरनेटच्या टीसीपी/आयपी नियमांची तिची मांडणी १९८३ पासून वापरून घोटलेली होती, तर लिनक्सचा नेटवर्क कोड त्याच दोन-तीन वर्षांत रॉस बायरो, फ्रेड व्हॅन केम्पेन आणि अ‍ॅलन कॉक्स यांच्या हातांत पुन्हा पुन्हा लिहिला जात होता. १९९३ मध्ये शुद्ध तांत्रिक गुणांवर निवड झाली असती तर कौल बर्कलीकडे गेला असता.

आलेल्या पॅचचे काय करायचे

पण सगळा दोष खटल्यावर ढकलणे बरोबर नाही. ३८६ बीएसडी ०.१ आल्यावर जगभरातून दुरुस्त्या येऊ लागल्या. जोलिट्झ दांपत्याकडून नवी आवृत्ती महिनोन् महिने आली नाही. शेवटी वापरकर्त्यांनी स्वतःच ‘पॅचकिट’ नावाने दुरुस्त्यांचा अनधिकृत संच चालवला. तोही वाढत वाढत हाताबाहेर गेला, तेव्हा १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी असे दोन गट वेगळे झाले. कसबी माणसे होती, ती विभागली गेली.

लिनसचा शिरस्ता उलटा. ऑक्टोबर १९९१ ते मार्च १९९२ या सहा महिन्यांत तो ०.०२ पासून ०.९५ पर्यंत पोहोचला. आकड्यांची उडी फसवी आहे, कारण त्याला वाटले की १.० जवळ आली, आणि मग ०.९९ वरच सव्वा वर्ष गेले. पण आवृत्त्या येण्याचा वेग खरा होता. केवळ २ एमबी मेमरी असलेल्यांना कर्नल कंपाइल करता येईना, तर त्याने १९९१ च्या नाताळाच्या सुमारास मेमरीतली पाने डिस्कवर ठेवण्याची सोय लिहिली. ती मिनिक्समध्ये नव्हती, आणि ०.१२ मुळे बरेच मिनिक्सवाले इकडे वळले. ओरेस्ट झ्बोरोव्स्की यांनी पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम लिनक्सवर आणली. एमआयटीतून थिओडोर त्सो यांनी अमेरिकेतला पहिला एफटीपी सर्व्हर चालवला, त्यामुळे अटलांटिकपलीकडून हळू जोडणीवर फाइली ओढायची गरज उरली नाही. पाठवलेला पॅच चांगला असेल तर तो पुढच्या आवृत्तीत दिसे, आणि पाठवणाऱ्याला दुसरा लिहायची उमेद येई.

२९ जानेवारी १९९२ ला टॅननबॉम यांनी जाहीरपणे लिहिले, की लिनक्स कालबाह्य आहे. सगळी कामे एकाच प्रोग्रॅममध्ये करणारा लिनक्ससारखा एकसंध कर्नल म्हणजे मागे जाणे, भविष्य मायक्रोकर्नलचे आहे, आणि एका चिपला बांधलेली सिस्टिम टिकणार नाही. लिनस आधी तडकून बोलला, मग त्याबद्दल माफी मागितली. तत्त्व म्हणून टॅननबॉम यांचे म्हणणे त्या काळच्या बहुतेक संशोधकांना पटणारे होते. पण नेमके ते तत्त्व पाळणारा हर्ड अडकून पडला होता आणि आजतागायत त्याची १.० आवृत्ती आलेली नाही. एकसंध कर्नलमध्ये चूक शोधणे सोपे, तुकड्या-तुकड्याने सुधारणा करणे सोपे, आणि स्वयंसेवकांना तेच परवडत होते. एका चिपबद्दलचा आक्षेप मात्र लिनसने पुढे मान्य केल्यासारखाच झाला, कारण १९९५ मध्ये डीईसीच्या अल्फा प्रोसेसरवर लिनक्स नेताना कर्नलची बरीच रचना त्याला बदलावी लागली.

१४ मार्च १९९४ रोजी १.० बाहेर आली तेव्हा कोड १,७६,२५० ओळींचा झाला होता.

पुढचे

बर्कलीचा संशोधन गट १९९५ मध्ये विसर्जित झाला. त्यांचा कोड मेला नाही. अ‍ॅपलच्या मॅक ओएसमध्ये तो मोठ्या प्रमाणात आहे. मिनिक्सचा परवाना एप्रिल २००० मध्ये खुला झाला, म्हणजे गरज होती त्यानंतर नऊ वर्षांनी. लिनक्स २००८ पासून अँड्रॉइडच्या रूपाने फोनमध्ये गेले, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक त्यावर चालतो.

कोर्ट मात्र लिनक्सलाही चुकले नाही. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरला, की आयबीएमने युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातला. बर्कलीवर आली होती तीच वेळ, दहा वर्षे उशिरा. फरक असा, की तोवर लिनक्सच्या पाठीशी आयबीएमसारखी कंपनी आणि तिचे वकील उभे होते. २०१० मध्ये ज्युरीने ठरवले, की युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे नाहीत, नॉव्हेलकडेच आहेत. आयबीएमविरुद्धचा दावा रेंगाळत २०२१ मध्ये तडजोडीने संपला.

पण खटल्यात एक प्रश्न निघाला होता, ज्याचे उत्तर देणे सुरुवातीच्या काळातल्या कोडबाबत सोपे नव्हते : ही ओळ कोणी लिहिली, आणि ती द्यायचा त्याला हक्क होता का? २००४ मध्ये लिनसने त्यासाठी नियम केला. हा कोड माझा आहे किंवा तो या परवान्याखाली द्यायचा मला अधिकार आहे, असे पाठवणाऱ्याने लिहून द्यायचे, आणि पॅच ज्याच्या ज्याच्या हातून पुढे जाईल त्यानेही आपले नाव खाली जोडायचे. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ने सुरू होणारी ती ओळ नसेल तर कर्नलमध्ये पॅच घेतला जात नाही.